रुस्ताकमधली बर्फगाडी

अल हैल
शनिवार, ४ जानेवारी २०२५

साई,
आशीर्वाद घे आणि पुढचं नीट वाच. अक्षराला हसू नकोस. चौथी नापास बाई याहून बरं काढत नाही. फोन करत नाही, कारण फोन लावला की तुझी बहीण स्पीकर लावते आणि माझं बोलणं सगळ्या घराला ऐकवते. म्हणून चिठ्ठी. तुमचा इरफान पार्ट आणायला रुवीला जातो तेव्हा इथे जेवायला थांबतो, तोच नेईल. पोरगा बरा आहे. रत्नागिरीचा असून गप्प बसून जेवतो.

ज्यासाठी मला गावाहून इथे आखातात आणलं, ते तुझ्या बहिणीचं, शिवांगीचं बाळंतपण नीट चाललंय. नवरा-बायको बाळाशी इंग्रजीत बोलतात. बाळ मराठीत रडतं.

आता मुद्दा. परवा जेवता जेवता इरफान म्हणाला, "आजी, आमच्या अर्बाबकडे एक गाडी आहे, तिच्यावर जिन बसलाय. कुणी हात लावलेला नसताना फिरते." मी म्हटलं, तुम्ही तिथे मेकॅनिक म्हणून गेलात की देवऋषी म्हणून? तर ताटात बघून म्हणतो, "साईला विचारा. दर गुरुवारी तोच असतो तिच्यापाशी."

म्हणून विचारते. गाडी कसली, बसतंय कोण, आणि तू तिथे काय करतोस? तुझ्या आईला तू सांगितलंयस की तू जीपगाड्या दुरुस्त करतोस.

आंब्याचं लोणचं पाठवलंय. बरणी परत पाठव.

तुझी आजी
गंगुबाई

*

रुस्ताक
शुक्रवार, १० जानेवारी

ती. आजी,
पाया पडतो. तू पाय मागे घेशील, तरी पडतो.

इरफानला तोंड आवरत नाही. जिन वगैरे काही नाही. पण तू विचारलंस तर सांगतो.

आमचे मालक हमूद अर्बाब. त्यांना एकच मुलगा होता, नबील. कॅनडात शिकायला होता. तिथे मोटारीच्या अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली. त्याची बर्फावर चालवायची गाडी घरमालकाच्या शेडमध्ये उभी होती, ती अर्बाबनी कंटेनरमधून इथे आणवली. पुढे घसरायला दोन फळ्या, मागे रणगाड्यासारखा रबरी ट्रॅक. रुस्ताकमध्ये बर्फ फक्त सरबताच्या दुकानात. त्यामुळे ती घरामागच्या शेडमध्ये स्टँडवर आहे, ट्रॅक जमिनीपासून वर. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर मी ती सुरू करतो, अर्बाब बाजूला बसून ऐकतात, मग "खलास" म्हणतात आणि मी बंद करतो.

नबील तिकडून फोन करायचा तेव्हा इंजिन चालू ठेवूनच बोलायचा. बंद केलं तर थंडीत पुन्हा लागेल की नाही याची खात्री नसायची. गाडी त्याने जुनीच घेतली होती आणि वर भरपूर पळवली. क्लचमधल्या वजनांच्या पिना झिजल्यात, बुश सैल झालेत. म्हणून इंजिन हळू असलं की आतून एक खडखड येते, थांबते, पुन्हा येते. थंडीने दात वाजत असताना कुणी बोलतंय असं वाटतं. अर्बाबच्या कानात मुलाचा आवाज आणि ही खडखड एकत्रच आहे. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "कुछ बदलना नहीं. आवाज बदला तो पासपोर्ट लेके जाओ."

आता फिरण्याचं. तू गावी पिठाची गिरणी चालवलीस, तुला समजेल. क्लच म्हणजे समोरासमोर दोन चकत्या, मध्ये पट्टा. इंजिन हळू असलं की चकत्या लांब, पट्टा मोकळा. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, चकत्या जवळ येऊन पट्टा चिमटीत धरतात, आणि तो पट्टा ट्रॅक फिरवतो. म्हणजे इंजिन नुसतं गुरगुरत असताना ट्रॅक हलायला नको. इथे हलतो. अगदी सावकाश. कुणीतरी चढून बसलंय आणि निघावं की नाही ते ठरवतंय, तसा.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सीटकडे बघितलं. खोटं कशाला सांगू.

बरणी अजून संपलेली नाही.

साई

*

अल हैल
शनिवार, १८ जानेवारी

साई,
आशीर्वाद.

गाडीचं कळलं. मालकाचंही कळलं. तुझ्या हाताचं का कळलं नाही?

इरफानला मी विचारलं नव्हतं. त्याने भात कालवताना आपणहून सांगितलं, "आजी, साईचा हात बरा आहे आता." मग मी वाढायचं थांबवलं. वाढायचं थांबवलं की माणूस बोलतो, हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षात कळलं. तर म्हणे पट्ट्याचा तुकडा उडून तुझ्या दंडाला लागला, आणि तू दर गुरुवारी त्या म्हाताऱ्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभा राहतोस. मध्ये का? मेकॅनिकने गाडीजवळ उभं राहावं, मालकासमोर भिंत होऊन नाही. काहीतरी फुटणार आहे आणि ते तुला माहीत आहे. काय ते लिही. जिन लिहू नकोस. जिनाने पट्टा तुटत नाही.

आणखी एक सांग. म्हातारा नुसता बसतो, की गाडीला काही करतो? तेल, फुलं, पाणी, काय ते. मेलेल्यांच्या वस्तूंना लोक काहीतरी करतातच. आपल्या वाडीतली एक बाई नवऱ्याच्या सायकलीला तूप लावायची. मुंग्यांनी सीट खाल्ली.

हात शेकव. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. सांगणार नाही असं नाही.

आजी

*

रुस्ताक
शुक्रवार, २४ जानेवारी

ती. आजी,
पाया पडतो.

हात ठीक आहे, तीन टाके. इरफानला आता उपाशी पाठवतो.

लिहितो. क्लचच्या बाहेरच्या चकतीला चीर गेलीय. केसाएवढी. डिसेंबरात पुसताना दिसली, तेव्हा बोटाच्या पेराएवढी लांब होती, आता जास्त आहे. ही चकती मिनिटाला हजारो वेळा फिरते. फुटली तर तुकडे गोळीसारखे सुटतील. त्यावर झाकण असतं, पण अर्बाब झाकण काढून ठेवायला लावतात, कारण झाकणाने आवाज दबतो. खुर्चीही त्याच बाजूला मांडतात. शेवटी म्हणतात, "एक बार ज़ोर से," म्हणजे वेग वाढव. नबील फोन ठेवायच्या आधी एकदा जोरात वाजवायचा. मी मध्ये उभा राहतो ते म्हणून.

तू विचारलंस ते. हो, करतात. लुबान जाळतात, आपला लोबान. इथे पाहुणा उठायच्या आधी धुपाटणं फिरवायची रीत आहे, कपड्यांना, दाढीला धूर देतात. अर्बाब गाडीला देतात. धुपाटणं थेट क्लचच्या खाली धरतात, धूर चकत्यांमधून वर निघेपर्यंत. म्हणतात, मुलगा न भेटता गेला, त्याला निरोपाचा धूर मिळाला नाही.

आजी, चिरेचं मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर क्लच बदलावा लागेल. बदलला की खडखड गेली. नोकरी जाईल ते आहेच. पण तेवढंच नाही. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला त्यांचा आवाज आठवत नाही. फोटो आहेत, शर्ट आहे, आवाज नाही. या माणसाकडे आवाज आहे. तो माझ्या हाताने बंद करायचा?

आणि ट्रॅक फिरतो तेव्हा ते हळूच म्हणतात, "आया." दर वेळी. मी कसं सांगू?

साई

*

अल हैल
शनिवार, १ फेब्रुवारी

साई,
आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. शिवांगी म्हणाली, "आजी, काय झालं?" मी म्हटलं, कांदा.

आधी ट्रॅकचं. आपल्या गिरणीचा पट्टा पावसाळ्यात सटकायचा. तेव्हा मी चालत्या पट्ट्यावर राळ टाकायची. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. ती लागली की पट्टा चाकाला धरून बसतो, सोड म्हटलं तरी सोडत नाही. लोबान म्हणजे काय? झाडाचा वाळलेला चीकच. दर गुरुवारी चकत्यांना त्याचा धूर देतो म्हातारा. चकत्या चिकट झाल्या असतील. इंजिन हळू असलं तरी पट्टा सुटत नाही, म्हणून ट्रॅक फिरतो. बोट फिरवून बघ, चिकट लागेल. पेट्रोलने पूस, थांबेल. तुझा जिन एवढाच आहे.

आता बापाचं. तुझा बाप गिरणीवर बसायचा. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, म्हणून घरातही ओरडूनच बोलायचा. मीठ मागायचा तरी शेजारची कुत्री भुंकायची. आवाज असा होता एवढंच सांगता येतं. कसा होता ते मला ऐकू येतं, तुला देता येत नाही. दिलं असतं.

पट्ट्याला त्याने तारेने सांधा घातला होता. सांधा चाकावरून गेला की टक् व्हायचं. तो गेल्यावर मी गिरणी सुरू केली तर टक् होतं. मला वाटलं, हे बरं आहे. मग एक दिवस सांधा उसवला. बाहेर बायका दळण घेऊन उभ्या. मी पट्टा बदलला. टक् गेलं. तुला वाटेल, मग काय झालं. काही झालं नाही. पीठ पडायला लागलं. तेच वाईट होतं.

म्हणून मी म्हाताऱ्याला हसत नाही. पण चीर ती चीर. ती त्याला सांगायलाच हवी, येत्या गुरुवारच्या आधी. राळेचं सांगायचं की नाही, ते तू ठरव. चीर माणूस मारते. राळेने कुणाचं काही बिघडत नाही.

सांगितलंस की कळव.

आजी

*

अल हैल
शनिवार, १५ फेब्रुवारी

साई,
चिठ्ठी नाही. इरफान आला, जेवला, गप्प. वाढायचं थांबवलं तरी गप्प. म्हणजे तू त्याला शपथ घातलीयस, आणि सांगितलेलं नाहीस.

गुरुवारी मी येते. शिवांगीला सांगितलंय, रुस्ताकचा किल्ला बघायचाय. तिला पटलं नाही, पण गाडीत बसवून देणार आहे. इरफान म्हणाला, "आजी, अर्बाबच्या घरी असं कसं जाणार?" मी म्हटलं, दारातून.

आजी

*

रुस्ताक
शनिवार, २२ फेब्रुवारी

ती. आजी,
पाया पडतो, पण रागावलोय.

माझ्याच कामाच्या जागी तू मला शेडबाहेर उभं केलंस. "तू बाहेर जा, लहान आहेस." अर्बाबसमोर. सत्तावीस वर्षांचा आहे मी. गाडी सुरू न होता गुरुवार गेला, असं पहिल्यांदा झालं. दार लोटलेलं होतं, काही ऐकू आलं नाही. बाहेर आलीस तर इरफानला म्हणालीस, "चल, किल्ला राहिला," आणि निघून गेलीस.

आज सकाळी अर्बाब गॅरेजमध्ये आले. मला म्हणाले, "नया क्लच मंगाओ. पूरा." तेवढंच. दाढी ओली होती. पासपोर्टचं काही बोलले नाहीत.

आत काय झालं? तू राळेचं सांगितलंस का? मला माहीत असायला हवं. पुढच्या वेळी त्यांच्या शेजारी मी उभा असणार.

साई

*

अल हैल
शनिवार, १ मार्च

साई,
आशीर्वाद. राग कर. राग केलेला माणूस नीट जेवतो.

आजपासून त्यांचे रोजे. म्हाताऱ्यासमोर दुपारी डबा उघडू नकोस.

आत काय झालं ते लिहिते. त्याने मला काहवा दिला, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी. वेलची चांगली होती, बाकी त्यात काही नव्हतं. त्याला हिंदी येतं, मला तोडकंमोडकं येतं, जमलं. मी विचारलं, "लड़का कैसा था?" म्हणाला, फार बोलायचा. मी म्हटलं, "मेरा भी." मग त्याने विचारलं, "तुमने क्या रखा उसका?" मी म्हटलं, चक्कीचा पट्टा होता, बदलला. म्हणाला, "फिर?" मी म्हटलं, "फिर लोगों का आटा पीसा."

मग मी त्याला चीर दाखवली. तू खडूने खूण केली होतीस म्हणून सापडली. त्याने नख लावून बघितलं. मी म्हटलं, "ये फूटेगा. तुमको लगेगा, नहीं तो मेरे नातू को लगेगा. वो बीच में खड़ा रहता है, तुमने देखा नहीं?" त्याने बघितलं नव्हतं. त्याला वाटायचं, तू मुलाला मान द्यायला उभा राहतोस.

म्हणाला, "आवाज जाएगा." मी म्हटलं, जाएगा. गोड काही बोलले नाही.

उठताना त्याने मला धूर दिला. लुगड्याला, केसांना. आणि मग विचारलं, "वो चक्का अपने आप घूमता है. तुम चक्की वाली हो. क्यों घूमता है, मालूम?"

मी जन्मभर लोकांना तोंडावर बोलले. तुझ्या आजोबांना ते जाताना सांगितलं, औषध चुकवलंत म्हणून जाताय. त्या म्हाताऱ्याला म्हटलं, "नहीं मालूम."

तेवढं लक्षात ठेव. तुलाही मालूम नाही.

आजी

*

रुस्ताक
शनिवार, १२ एप्रिल

ती. आजी,
पाया पडतो.

मधे लिहिलं नाही, कारण पार्ट यायला ईद उलटली. तू गावी जायच्या आत हे पोचायला हवं, म्हणून इरफानला आज मुद्दाम पाठवतोय. बरणीही देतोय.

नवा क्लच बसवला. ट्रॅककडचा मागचा क्लचही उघडला, बुश बदलले, सगळं पेट्रोलने पुसून कोरडं केलं. तू म्हणालीस ते बरोबर होतं, जुन्या चकत्यांना बोट चिकटत होतं आणि बोटाला लोबानचा वास येत होता. पट्टाही नवा, ताण दोनदा मोजून लावला. झाकण बसवून टाकलं. अर्बाबनी नको म्हटलं नाही.

ईदनंतरच्या पहिल्या गुरुवारी सुरू केली. आजी, खडखड पार गेली. शिवणयंत्रासारखी चालत होती. ट्रॅक हलला नाही. अर्बाब ट्रॅककडे बघत राहिले. मी इंजिन नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवलं. शेवटी म्हणाले, "नहीं आया." "एक बार ज़ोर से" काही म्हणाले नाहीत. मी बंद केलं. जुनी चकती त्यांनी मागून घेतली, रुमालात गुंडाळून घरात नेली.

मला वाटलं, आता येणार नाहीत. पण परवाच्या गुरुवारी पुन्हा आले. धुपाटणं घेऊन, खुर्ची मात्र दाराजवळ. झाकण लावलेलं, त्यामुळे नुसत्या सीटला धूर दिला. मग पाठ करून निखाऱ्यावर लुबान घालत होते. इंजिन हळू चालू होतं. मी बंद करायला हात पुढे केला.

ट्रॅक फिरत होता. तसाच. सावकाश.

मी लगेच बंद केलं. त्यांनी पाहिलं नाही. ते गेल्यावर झाकण उघडलं. चकत्या कोरड्या. धूर आत गेलेला नाही, वास नाही. पट्ट्याचा ताण पुन्हा मोजला, बरोबर. पुन्हा सुरू केली, तर ट्रॅक जागेवर. मी एकटा असताना हलत नाही.

इरफानला सांगितलेलं नाही. अर्बाबना सांगू? की पुन्हा आशा लावणं वाईट? तू सांगशील तसं करतो.

साई

*

अल हैल
रविवार, १३ एप्रिल

साई,
आशीर्वाद. इरफानला रात्री इथेच ठेवून घेतला. सकाळी हे लिहून देते. मंगळवारी माझं विमान आहे.

बरणी पोचली. नीट घासलेली नाहीस.

तुझं वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं, नवा पट्टा आहे, कडक असतो, गरम झाल्यावर कधी धरतो, कधी सोडतो. आपल्या गिरणीतही नवा पट्टा महिनाभर नाटकं करायचा. बहुतेक तेच असेल. मेकॅनिकने आधी तेच धरावं.

दुसरं मनात आलं ते लिहीत नाही. बाळाचा लंगोट बदलायचा राहिला होता, तो बदलून आले.

आता ऐक. येत्या गुरुवारी म्हातारा यायच्या आधी झाकण उघड आणि पट्टा काढून ठेव. पुरता काढ, आणि बाहेर खिळ्याला टांग, जिथे तुझा तुला दिसेल. झाकण लाव. मग नेहमीसारखं कर. त्याने धूर दिला की सुरू कर. पट्ट्याशिवाय इंजिनाची ताकद मागे जायला वाटच नाही, हे तुला मी सांगायला नको. ट्रॅक हलला नाही, तर पट्टाच नाटकी होता. दुसरा आण आणि मला लिहू नकोस.

आणि पट्टा खिळ्याला असताना ट्रॅक फिरला, तर इंजिन बंद करायची घाई करू नकोस. म्हाताऱ्याला हाक मार. मोठ्याने मार, त्याला कमी ऐकू येतं. तो वळला की तू शेडबाहेर ये आणि दार लोटून घे. मी तुला बाहेर काढलं होतं तसं स्वतःहून ये.

फार बोलायचा म्हणे तो मुलगा. वेळ लागेल. दाराशी उभा राहू नकोस.

आजी